गृहपाठ

"गॅस बंद केलास ना?"
रात्री अकरा चाळीसला पहिल्यांदा.
हो, मी म्हणायचो.
मग दिवा मालवल्यावर. मग पांघरूण ओढल्यावर.
मग डोळा लागतो न लागतो तोच
खांद्यावर एक बोट.
हो गं. हो. हो म्हटलं ना.
लग्नाला बारा वर्षं झाली,
त्यांतली नऊ या एका अक्षरावर उभी होती.

स्वान्सीतलं आमचं घर चढावर आहे.
खाली समुद्र, शेजारी मिसेस बेव्हन,
आणि त्यांची मांजर, कुंपणावर बसून
रोज सकाळी हेमांगीला बघणारी:
कुलूप, हिसका, चार पावलं, परत.
हिसका, सहा पावलं, परत.
आठ बावीसची बस तिच्याशिवाय जायची.
तिच्या फोनमध्ये लेकीचे फोटो दोनशे,
शेगडीच्या बटणांचे चार हजार.

गाडी-परवान्यांच्या कचेरीत मात्र
तिच्या हातून एक आकडा चुकत नाही.
दरवर्षी साहेबाचं पत्र: किती काटेकोर!
माझी आईही फोनवर साऱ्यांना सांगायची,
डोळ्यांत तेल घालून घर सांभाळते हो आमची सून.
तेल आम्हाला दिसत होतं.
डोळे नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी 'ताण' लिहिलं,
सात मिनिटांत तेवढंच मावतं.
मग यादीत अकरा महिने.
मग गेनोर प्रॉसर, खोली क्रमांक तीन.
दिवसातला किती वेळ जातो यात?
थांबवायला गेलात तर किती त्रास होतो?
हेमांगी प्रत्येक उत्तर खोडून पुन्हा लिहीत होती.
"हेही मी मोजतेय बरं," गेनोर म्हणाली.
चाळीसपैकी अठ्ठावीस.
आजाराचं नाव तीन इंग्रजी अक्षरांचं.

गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि आठवलं: मंत्रचळ.
कुमुदआत्याला म्हणायचे सगळे.
ती तांब्या अकरा वेळा विसळायची
आणि आम्ही पोरं पायरीवर बसून
मोठ्यानं मोजायचो.
शब्द होता की आपल्याकडे.
फक्त हसायला वापरला.

गोळी आधी पन्नासची, मग शंभर, मग दीडशे.
सुरुवातीला मळमळ, घाम, भाताचा वासही नको.
"तुम्हालाही गृहपाठ आहे," गेनोर मला म्हणाली.
"तुमचं प्रत्येक 'हो' त्याला खतपाणी घालतं."
(तिचा शब्द वेगळा होता, मी खतपाणी ऐकलं.)
"तिनं विचारलं की एवढंच म्हणा:
याचं उत्तर मी देणार नाही."

पहिल्या रात्री तिनं विचारलं.
मी वाक्य म्हटलं, पाठ केल्यासारखं.
ती थरथरत आकडे सांगत राहिली, ठरल्याप्रमाणे,
भीती शंभरात किती:
नव्वद. नव्वद. पंच्याऐंशी.
"तू दुष्ट आहेस." पंच्याऐंशीच.
ते एक अक्षर माझ्या जिभेवर
गरम घासासारखं भाजत होतं.
गिळलं.
एक वाजता, पन्नास.
मग आकडे थांबले. श्वासावरून कळलं, झोपली.
मी जागा.

मार्चात घसरलो.
सोलापूरहून तिच्या भावाचा फोन,
त्यांच्या गल्लीत कुणाकडे सिलिंडर उडाला होता.
त्या रात्री मी सात वेळा हो म्हटलं.
गेनोरनं वहीत लिहून घेतलं. रागावली नाही.

काल अकरा चाळीस झाले. बारा झाले.
कुणी काही विचारलं नाही.
छताकडे बघत मी वाट पाहिली,
मग कान हळूहळू खाली गेले, शेगडीपाशी.
आणि पाठोपाठ मीही,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, अनवाणी.
"कुठे निघालास?"
"हेमांगी, तो गॅस..."
अंधारात थोडा वेळ काहीच नाही.
मग तिचं हसू, आणि ते वाक्य,
माझंच, जसंच्या तसं.

कठडा धरून उभा राहिलो.
साठ, मी म्हटलं.
थांब, ती म्हणाली, उतरेल.